सिग्नल हवा, पण किती सेकंदांचा?

पुण्याहून नगर रस्त्याने निघालेल्या माणसाला वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी अशी गावे एकेक करून पार करावी लागतात. शिक्रापूर आले की गाडी थांबणार, हे तो घरातून निघतानाच धरून चालतो. चाकण चौकात एकाच वेळी काय काय येऊन मिळते ते बघा. चाकणच्या कारखान्यांतून निघालेले लांबलचक ट्रेलर, रांजणगाव एमआयडीसीच्या शिफ्टच्या बस, कांद्याच्या पिकअप, हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, शाळेच्या व्हॅन, महागणपतीच्या दर्शनाला निघालेल्या सहकुटुंब मोटारी आणि या सगळ्यांच्या फटीफटीतून वाट काढणाऱ्या दुचाकी. थोडे पुढे पाबळ चौकात याचाच दुसरा अंक. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी रस्ता बोलण्यात 'नगर रोड'च राहिला आहे आणि त्याच्यावरचा खोळंबाही तसाच आहे.

दरवर्षी १ जानेवारीला, पेरणे येथील विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी गर्दी होते तेव्हा, नगरकडून येणारी जड वाहने शिक्रापूरहून चाकणच्या दिशेने वळवली जातात. वर्षातला तो एक दिवस सोडला तरी हे गाव म्हणजे रोजचाच वळणाचा फाटा आहे. त्यामुळे सिग्नलचा विषय निघाला की इथे मत नसलेला माणूस सापडत नाही. कुणी म्हणते, सिग्नलशिवाय शिस्त लागणार नाही. कुणी म्हणते, सिग्नलनेच रांग लागते, त्यापेक्षा एक पोलीसमामा उभा करा, तो बरोबर गाड्या काढतो. कुणाला लाल दिव्याची वेळ फार वाटते, तर पलीकडच्या रस्त्यावरच्याला हिरव्याची वेळ कमी वाटते. आणि चौकातच दुकान किंवा घर असणाऱ्यांना वाटते की गाड्यांचे काय व्हायचे ते होवो, आम्हाला रस्ता ओलांडता आला पाहिजे. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येकाचे थोडे थोडे खरे आहे. का खरे आहे, हे बऱ्याच अंशी आकड्यांत सांगता येते आणि ते आकडे पाचवी-सहावीच्या गणिताच्या पलीकडचे नाहीत.

वाहतुकीचा पहिला सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला ब्रिटिश संसदेजवळ उभा राहिला. तो आखणारा जे. पी. नाइट हा रेल्वेचा अभियंता होता. त्यामुळे रेल्वेसारखे वरखाली होणारे हात आणि रात्रीसाठी लाल-हिरवे गॅसचे दिवे असे त्याचे रूप होते. महिन्याभरातच गॅसचा स्फोट झाला, सिग्नल हाताळणारा पोलीस जखमी झाला आणि प्रकरण तिथेच थांबले. विजेवर चालणारा सिग्नल अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला आला तो १९१४ मध्ये. पण दिवा किती सेकंद हिरवा ठेवायचा, याचे नीट शास्त्र तयार व्हायला आणखी चार दशके गेली. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये ते मांडले. त्यांचे सूत्र आजही जगभर सिग्नल आखणाऱ्यांच्या हाताशी असते.

सूत्र समजायला दोन गोष्टी पुरतात. पहिली म्हणजे वाया जाणारा वेळ. एका दिशेचा हिरवा संपून दुसऱ्या दिशेचा लागतो तेव्हा काही सेकंद चौकातून कुणीच जात नाही. इकडचा थांबत असतो, तिकडचा पहिला चालक गिअर टाकत असतो. हा वेळ प्रत्येक बदलाला साधारण ४ सेकंद धरू. पुणे, नगर आणि चाकण अशा तीन दिशांना आळीपाळीने सोडायचे, तर एका फेरीत १२ सेकंद गेले. दुसरी गोष्ट म्हणजे चौकावरचा भार. प्रत्येक दिशेने जितकी वाहने येतात त्यांना त्या रस्त्याच्या सोडण्याच्या क्षमतेने भागायचे आणि सगळ्या दिशांची बेरीज करायची. बेरीज ०.७ आली, तर चौकाची सत्तर टक्के ताकद वापरात आहे असे समजायचे. वेबस्टर सांगतात, वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा आणि उत्तराला चौकाच्या उरलेल्या ताकदीने भागा. येणारा आकडा म्हणजे सिग्नलच्या एका पूर्ण फेरीची योग्य वेळ.

आपल्या उदाहरणात १२ ची दीडपट १८, अधिक ५ म्हणजे २३. भार ०.७ असेल तर २३ ला ०.३ ने भागायचे, उत्तर सुमारे ७७ सेकंद. म्हणजे सव्वा मिनिटात प्रत्येकाची पाळी येते, तक्रारीला जागा नाही. भार ०.८ झाला की फेरी ११५ सेकंदांची होते. ०.९ ला ती २३० सेकंदांवर जाते, म्हणजे जवळजवळ चार मिनिटे. ०.९५ ला ४६० सेकंद. भार १ झाला की भागाकारच होत नाही. गणित हात वर करते आणि चौकातही तेच होते.

रस्त्यावर जाणवणारा एक अनुभव इथे उलगडतो. कालपर्यंत सुरळीत असलेला चौक एखाद्या संध्याकाळी अचानक तुंबतो आणि लोक म्हणतात, आज गाड्या दुप्पट आल्या. दुप्पट वगैरे काही आलेल्या नसतात. भरत आलेल्या चौकात पाच-दहा टक्के गाड्या वाढल्या तरी रांग दुपटी-तिपटीने वाढते. कंपनीच्या दोन शिफ्टच्या बस नेमक्या एकाच वेळी पोहोचल्या, तेवढेच पुरते.

'लाल दिव्याची वेळ कमी करा' आणि 'हिरव्याची वाढवा' हे भांडणही याच सूत्रात बसले आहे. फेरी ६० सेकंदांची ठेवली तर १२ सेकंद, म्हणजे वेळेचा पाचवा हिस्सा, नुसत्या बदलात जातो. फेरी १२० ची केली तर दहावाच हिस्सा वाया जातो, गाड्या जास्त निघतात. पण मग पायी माणसाला आणि आडव्या रस्त्यावरच्याला दुप्पट वेळ तिष्ठावे लागते. गाड्यांच्या सोयीचा सिग्नल लांब असतो, माणसांच्या सोयीचा आखूड. कोणाची सोय आधी बघायची याचे उत्तर कोणतेच सूत्र देत नाही. ते गावाने ठरवायचे असते.

आता या सगळ्यात सर्वांत स्वस्त उपाय कुठे दडला आहे ते सांगतो. समजा नगरकडून येणाऱ्या बाजूला दोन मार्गिका आहेत आणि त्या दिशेचा भार ०.३ आहे. बाकी दोन दिशांचा मिळून ०.४. एकूण ०.७, फेरी ७७ सेकंद, सगळे ठीक. आता चौकाच्या अलीकडे, थांब्याच्या पांढऱ्या रेषेपासून वीस-पंचवीस पावलांवर, प्रवासी भरायला एक वडापची जीप थांबली, तिच्यामागे वडापाव घ्यायला एक टेम्पो लागला. दोनांतली एक मार्गिका गेली. रस्त्याची सोडण्याची क्षमता निम्मी झाली म्हणजे त्या दिशेचा भार ०.३ वरून ०.६ झाला. एकूण भार १. एकही गाडी न वाढता चौक गणितानेच बंद पडला. सिग्नल बदला, नवा बसवा, संगणकावर चालणारा आणा, या दोन वाहनांपुढे त्याचे काही चालत नाही. चौकापासून ५०-७५ मीटर दोन्ही बाजू मोकळ्या ठेवणे, एसटी आणि कंपनीच्या बसचे थांबे चौक ओलांडून पुढे नेणे, रिक्षा-जीपना आतली जागा देणे, याला काही कोटी लागत नाहीत. लागतो तो वाईटपणा घेण्याची तयारी, कारण टपरीवाला, जीपवाला आणि त्यांना हटवणारा हे सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. शहरात हे काम सोपे नाही, गावात तर त्याहून अवघड.

दुसरी अडचण मोजमापाची. सिग्नलची पुस्तकी वेळ मोटारींवर बेतलेली असते. एका मार्गिकेतून हिरव्या दिव्यात साधारण दोन सेकंदांना एक मोटार निघते. पण शिक्रापूरच्या रांगेत सगळ्या मोटारी नसतात. भारतीय रस्ते महासभेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, यासाठी १९९० च्या मार्गदर्शिकेत वजनमापे दिली आहेत. शहरी रस्त्यांसाठी दुचाकी म्हणजे पाऊण मोटार किंवा त्याहून कमी, ट्रक किंवा बस म्हणजे सव्वादोन ते पावणेचार मोटारी आणि ट्रॉली लावलेला शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे चार ते पाच मोटारी. उसाने लादलेला ट्रॅक्टर हिरवा दिवा लागल्यावर हलायला लागतो, तोवर मागच्या दुचाकीवाल्यांनी हॉर्नची पहिली फैर संपवलेली असते. पुण्यातल्या एखाद्या चौकाच्या वेळा उचलून इथे लावल्या तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कदाचित चालतील, गाळप हंगाम सुरू झाला की कोलमडतील. दिवसाचे तीन-चार वेगवेगळे आराखडे आणि हंगामाचा निराळा आराखडा, एवढे तरी आजचा साधा सिग्नलही सांभाळू शकतो. मात्र ते त्यात भरून ठेवायला कुणीतरी गाड्या मोजलेल्या असल्या पाहिजेत.

इथवर गोष्ट खोळंब्याची होती. जिवाशी गाठ पडते ती पिवळ्या दिव्यात.

पिवळा दिवा म्हणजे 'थांबा', हे आपण सगळे शिकलो आणि 'दामटा', हे आपण सगळे करतो. त्यात नुसता बेशिस्तपणाच असतो असे मात्र नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघांनी १९६० मध्ये एक निबंध लिहिला. पिवळा लागताच नियम पाळायचे ठरवलेला, डोके शांत असलेला चालकसुद्धा काही वेळा थांबूही शकत नाही आणि वेळेत निघूही शकत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवले. रस्त्यावरच्या त्या टापूला द्विधेचा पट्टा म्हणतात.

आकडे घालून बघू. ताशी ७० किलोमीटरने येणारे वाहन सेकंदाला सुमारे १९ मीटर कापते. पिवळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात १९ मीटर गेले. मग साधारण बरा ब्रेक लावला तर मोटार आणखी ६३ मीटरवर उभी राहते. एकूण ८२ मीटर. माल भरलेला ट्रक तितक्या जोरात थांबू शकत नाही. तो ११४ मीटर घेतो असे धरू. आता पिवळा दिवा ३ सेकंदांचा असेल तर त्या अवधीत हे वाहन जाईल ५८ मीटर. म्हणजे पिवळा लागला तेव्हा ट्रक रेषेपासून ५८ मीटरच्या आत असेल तर तो वेळेत रेषा ओलांडतो. ११४ मीटरच्या पलीकडे असेल तर थांबतो. मधल्या ५६ मीटरमध्ये असेल तर त्याने काय करावे? थांबायला गेला तर चौकाच्या मधोमध उभा राहील किंवा मागचा त्याच्यावर आदळेल. दामटले तर लाल दिव्यात घुसेल, आणि नेमके त्याच क्षणी आडव्या रस्त्यावरचा दुचाकीवाला, उलट मोजणीचे आकडे बघत, दोन सेकंद आधीच निघालेला असतो.

हेच गणित ताशी ४० किलोमीटरला करून बघा. ट्रकला थांबायला ४२ मीटर लागतात, पिवळ्यात तो ३३ मीटर जातो. पट्टा उरतो ९ मीटरचा. मोटारीला तर तो उरतच नाही. म्हणून हमरस्त्यावर नुसता सिग्नल लावून भागत नाही. गाड्या सिग्नलपाशी येईपर्यंत त्यांचा वेग उतरलेला असावा लागतो. त्यासाठी आधीच 'पुढे सिग्नल' असा ठळक फलक, रंबल पट्ट्या, अरुंद दिसणारी मार्गिका आणि वेग मोजणारा कॅमेरा ही तयारी लागते. पिवळ्याचा एखादा सेकंद वाढवला आणि त्यानंतर क्षणभर चारी बाजूंना लाल ठेवला, तर चुकलेल्या ट्रकला निघून जायला वाव मिळतो. रात्री अकरानंतर रस्ता मोकळा होतो, तेव्हा गाड्यांचा वेग वाढतो आणि हा पट्टाही लांबतो. जागतिक आरोग्य संघटना वेगाबद्दल एक हिशेब नेहमी सांगते, तो इथे आठवावा. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो.

'पोलीसमामा बरा' म्हणणाऱ्यांचा मुद्दाही इथेच लागू पडतो. माणूस येणारा ट्रक बघतो, त्याला जाऊ देतो आणि मग हात आडवा करतो. पट्टा त्याला डोळ्यांनी दिसतो. साधा सिग्नल आंधळा असतो. पण मामा आठ तासांनी दमतो, पावसात आडोशाला जातो आणि रात्री नसतो.

आता ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्याकडे वळू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ पाचांत एक. दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून अधिक. महाराष्ट्रातले एकूण मृत्यू १५ हजारांच्या वर. चौकाच्या चर्चेत मात्र गाडीत बसलेल्यांचा आवाज मोठा असतो, कारण खोळंबा त्यांना टोचतो. पायी जाणारा कुठे अर्ज करायला जात नाही. तो संधी बघून पळतो.

सिग्नल आखताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे बहुतेक ठिकाणी धरतात. चार मार्गिका आणि दुभाजक मिळून रस्ता १६ मीटर रुंद असेल तर त्याला साडेतेरा सेकंद पुरतील, असा हिशेब. हा माणूस तरणाताठा आहे, त्याच्या हातात पिशवी नाही आणि गुडघाही दुखत नाही. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांची चाल एका मोठ्या आरोग्य पाहणीत मोजली गेली, त्यावरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांची सरासरी निघाली सेकंदाला ०.९ मीटर, स्त्रियांची ०.८. त्या वेगाने १६ मीटरला २० सेकंद लागतात. म्हणजे साडेतेरा सेकंद संपून गाड्या सुटतील तेव्हा आजी अजून पाच मीटर अलीकडे, दीड मार्गिका शिल्लक असताना, रस्त्यात असेल. ही आकडेवारी गुळगुळीत फरशीवर चालणाऱ्यांची आहे. आपल्याकडे मध्ये खड्डा, वाळू आणि साचलेले पाणी धरायचे.

यावर उपाय दोन. एक, पादचाऱ्यांसाठी वेळ ०.८ च्या हिशेबाने ठेवणे. सात सेकंदांनी कुणाची शिफ्ट चुकत नाही. दुसरा आणि माझ्या मते अधिक गरजेचा, म्हणजे दुभाजकात उभे राहण्यापुरती खरीखुरी जागा. दोन माणसे आणि एक मूल उभे राहू शकेल इतकी रुंद, दोन्ही बाजूंना खांब असलेली, रस्त्याच्या पातळीतली. मग एका वेळी सातच मीटर ओलांडायचे असतात, आजींना ते नऊ सेकंदांत जमते. बंद दुभाजकावर लोखंडी जाळी लावून 'तिकडून फिरून या' म्हटले की माणसे जाळी वाकवतात, हे आपण प्रत्येक हमरस्त्यावर पाहतो. ते बेशिस्त असतात म्हणून नाही. वाट बघण्याची माणसाची सोशिकता अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते, मग तो धोका पत्करू लागतो, हे वाहतूकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे.

चौकाचा दुसरा परिणाम रक्त न सांडता होतो. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या अंजू गोयल आणि प्रशांत कुमार यांनी २०१५ मध्ये मोटारीत उपकरणे ठेवून अभ्यास केला. सिग्नलपाशी थांबण्यात प्रवासाचा अवघा २ टक्के वेळ गेला, पण पूर्ण प्रवासात शरीरात गेलेल्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे २५ टक्के तिथे गेले. मोकळ्या रस्त्याच्या तुलनेत सिग्नलजवळ कणांची संख्या कमाल २९ पट भरली. कारण साधे आहे. गाड्या थांबतात, इंजिने चालू राहतात आणि हिरवा लागताच सगळे एकदम अॅक्सिलरेटर दाबतात. धूर सर्वांत जास्त निघतो तो थांबून पुन्हा निघताना. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. मोटारीतल्या माणसाने काचा वर कराव्यात, पंख्याने बाहेरची हवा आत घेणे थांबवावे. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. दुचाकीवाल्याने निदान ट्रकच्या धुराड्याच्या तोंडाशी उभे राहू नये. पण हे दोघे दोन मिनिटांत निघून जातात. दिवसभर तिथेच उभे असतात ते वाहतूक पोलीस, वॉर्डन, फळवाले, टपरीवाले आणि शाळा सुटल्यावर जीपची वाट बघणारी मुले. चौकातला थांबा शंभर पावले लांब नेला, तर खोळंब्याबरोबर मुलांच्या फुप्फुसांचेही थोडे भले होईल.

हॉर्नचे काय? व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा. २०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी एक मजेदार प्रयोग लोकांपुढे आणला होता. सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले आणि गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा हॉर्न, थांबा आणखी. व्हिडिओ खूप फिरला, लोक हसले. ६५ आणि ८५ मधला फरक वीसचा दिसतो, पण डेसिबलचे माप असे आहे की प्रत्यक्षात ती शंभर पट ध्वनिऊर्जा असते. शिक्रापूरला असा सिग्नल बसवला तर तो हिरवा कधी होईल, हा प्रश्नच आहे.

सिग्नल कुठे बसवायचा याचेही निकष आहेत आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतात. रस्ते महासभेने १९८५ मध्ये त्यासाठी एक मार्गदर्शिका काढली. मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून ताशी साधारण ६५० ते ८०० वाहने आणि आडव्या रस्त्यावर ताशी २०० ते २५०, अशी वर्दळ दिवसातले आठ तास असेल, तर सिग्नलचा विचार करावा. पादचाऱ्यांसाठी निराळा निकष आहे. अपघातांसाठीही आहे, बारा महिन्यांत नोंदलेले पाच किंवा अधिक अपघात. अपघातप्रवण ठिकाण, ज्याला आपण ब्लॅक स्पॉट म्हणतो, ते ठरवायला मंत्रालयाचे माप वेगळे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू.

इथे कळीचा शब्द आहे 'नोंदलेले'. चौकात दुचाकी घसरते, पोरगा खरचटतो, टेम्पोवाला दोन हजार हातावर ठेवतो, चार शहाणी माणसे मध्ये पडून मिटवून टाकतात. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नकोत म्हणून सगळेच खूश. पण कागदावर तो अपघात झालाच नाही. गाव छातीठोकपणे सांगते की इथे आठवड्याला एक तरी अपघात होतो, फाइल शांतपणे सांगते की वर्षात तीन. मग मागणी मागे पडते आणि लोक म्हणतात, सरकार झोपले आहे. झोपेचा भाग असेलही. पण मिटवामिटवीत पुरावा आपणच बुजवलेला असतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला साक्षीदार म्हणून त्रास होईल ही भीतीही यामागे असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४-अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देते. त्याच्यावर स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

पुणे ते शिरूर उन्नत मार्गाला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे, चाकण-शिक्रापूर रस्ता रुंद करण्याचीही योजना आहे. त्यामुळे 'आता कशाला सिग्नलची चर्चा, पूल झाला की सगळे वरून जाईल' असे म्हणणारेही भेटतात. पुणे-नगर जाणारे वरून जातील, हे खरे. पण ज्याला चाकणला वळायचे आहे तो खाली उतरणार, रांजणगावची बस गावातली माणसे घ्यायला खाली येणार आणि उसाचा ट्रॅक्टर तर पुलावर जाणारच नाही. उतारावरून वेगात आलेली गाडी आणि चौक यांतले अंतर कमी असेल, तर पिवळ्या दिव्याचा तोच पट्टा आणखी धोक्याच्या जागी येऊन पडेल. शिवाय पूल बांधून होईपर्यंतची वर्षे, पत्रे लावून अरुंद केलेल्या रस्त्यावर, याच चौकातून काढायची आहेत.

तोवर गावाला स्वतः करता येण्याजोगे एक काम आहे आणि ते शाळेतली मुलेही करू शकतील. चौकात सुरक्षित उंचीवर, एखाद्या गच्चीवर बसून गाड्या मोजणे. वहीत दुचाकी, मोटार, ट्रक-बस, ट्रॅक्टर असे रकाने करायचे, प्रत्येक दिशेला एक जण, दर पंधरा मिनिटांनी बेरीज. एकाने फक्त रस्ता ओलांडणारे पादचारी मोजायचे आणि त्यांना किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर टिपायचे. एकाने चौकाच्या ५० मीटर परिसरात थांबलेली वाहने आणि त्यांचा वेळ लिहायचा. ग्रामसभेत 'फार गर्दी असते' या वाक्यापेक्षा असा तक्ता पुढे ठेवला, की तो बाजूला सारणे रस्त्याच्या खात्याला आणि पोलिसांना जड जाते. दिवस मात्र साधा निवडावा. आठवड्याच्या मधला, शाळा-कारखाने चालू असलेला, चतुर्थी नसलेला. आणि हंगामात एकदा, हंगाम नसताना एकदा, असे दोनदा मोजावे. १ जानेवारीला मोजायला बसू नये.